अर्ध्या कल्हईचं पातेलं

आमचं मोठं पितळी पातेलं सध्या अर्धं पांढरंशुभ्र आणि अर्धं पिवळं आहे. पिवळ्या अंगाला चिंच लागली की आमटी कळकणार, म्हणून मी पातेलं कलतं ठेवून आमटी उकळते. हे कसब मला सोसायटीच्या सेक्रेटरींनी शिकवलं.

कल्हईवाले चाचा मुश्किलीने सापडले होते. त्यांना पार्किंगच्या कोपऱ्यात बसवलं, भाता सुरू झाला, पातेलं तापलं. चाचांनी नवसागर टाकला, पांढरा धूर उठला आणि धुरातून सेक्रेटरी प्रकट झाले.

"वहिनी, धूर कसला?"

"नवसागराचा."

"म्हणजे केमिकल?"

"अमोनियम क्लोराइड."

ते दोन पावलं मागे सरकले. खिशातून मोबाइल काढून त्यांनी हवा मोजायचं ॲप उघडलं आणि उदबत्ती ओवाळावी तसा मोबाइल पातेल्याभोवती फिरवला.

"एकशे बेचाळीस! बघा!"

"अहो, तो आकडा शहरातल्या केंद्राचा आहे. सकाळी दूध आलं तेव्हाही एकशे बेचाळीसच होता."

"म्हणजे हे सकाळपासून चाललंय?"

चाचा मान वर न करता म्हणाले, "साहेब, जरा बाजूला व्हा. भांडं थंड झालं तर कथील धरत नाही." खरंच आहे ते. कथील 232 अंशांना वितळतं. तापल्या पितळेवर कांडी टेकवली की पळायला लागतं, आणि तेवढ्या वेळात कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवावं लागतं. पण सेक्रेटरींना कुठली घाई?

"परवानगी घेतलीत?"

"कोणाची?"

"माझी."

"मग द्या ना."

"अर्ज करा. शनिवारच्या मीटिंगला घेतो."

"तोपर्यंत पातेलं तापतं ठेवू का?"

यावर त्यांनी खरोखरच विचार केला. मग वॉचमनला हाक मारली, आणि भांडी बुडवायला चाचांनी भरून ठेवलेली बादली त्यांच्याच निखाऱ्यांवर ओतायला लावली. चर्र झालं, आणि धूर आधीच्या चौपट उठला. तेव्हा मात्र ॲप कोणी उघडलं नाही.

कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्याचं पेटंट इंग्लंडमध्ये 1810 साली निघालं, पण तो उघडायचं हत्यार यायला पुढे चाळीसेक वर्षं लागली. मधल्या काळात लोक छिन्नी-हातोडीने डबे फोडत बसले. आमची कार्यकारिणी त्याच परंपरेतली. नियम आधी निघतो, माणसाने त्यातून वाट कशी काढायची ते नंतर कधीतरी.

दिवाळीत याच पार्किंगमध्ये हजाराची माळ लागते, तेव्हा अर्ज कोण करतं? जनरेटर तासन्‌तास धूर ओकतो, त्याचं काय? सेक्रेटरींच्या हॉलमध्ये पितळी घंगाळ आहे, त्यात प्लास्टिकची फुलं आहेत. शोभेला पितळ सगळ्यांना हवं. ते वापरण्याजोगं ठेवणारा माणूस मात्र फाटकाबाहेर. आणि माणूस कसला! कथील महाग, म्हणून काहीजण त्यात शिसं मिसळतात, आणि ते पोटात जातं. चाचांनी काम सुरू करण्यापूर्वी कांडी माझ्या कानाशी धरून वाकवली होती. करकर वाजली. "ऐका ताई, चोख कथील असं बोलतं." न विचारता माल पारखून दाखवणारा दुकानदार मला अजून भेटायचाय.

चाचांनी भिजलेले कोळसे पोत्यात भरले. मी पैसे पुढे केले, तर अर्धेच घेतले. "काम अर्धं झालंय," म्हणाले. निखाऱ्यांचे पैसे कोणी दिले नाहीत. मी सेक्रेटरींना तसं सुचवलं, तर 'विषय कार्यसूचीवर नाही' असं उत्तर मिळालं.

संध्याकाळी फलकावर सूचना लागली: 'आवारात भाता आणण्यास सक्त मनाई.' तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ती 'भात' अशी वाचली आणि डबेवाल्या बाईंना फक्त पोळ्या आणायला सांगितल्या.

आता उरलेली कल्हई चाचांच्या घरी जाऊन करून घ्यायची आहे. ते राहतात गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे पातेलं घेऊन बसमध्ये चढणं आलं. कंडक्टरने त्याचं वेगळं तिकीट मागितलंच, तर मीही अर्धंच काढणार आहे.