"आमचं काई नाई हो, पण बाकीच्यांना चालत नाई"

नागपुरात भाड्याने घर नाकारताना कोणी तोंडावर जात काढत नाही. धर्मही काढत नाही. आधी नाव विचारतात, मग "पूर्ण नाव?" आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव, मग वडील काय करतात, मग घरात देव कोणते. मेश्राम म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, कारण आपल्याकडे मेश्राम बौद्धांतही आहेत आणि गोंडांतही. सगळी चौकशी आटोपली की अगदी गोड आवाजात उत्तर येतं, "आमचं काई नाई हो ताई, पण बिल्डिंगमधल्या लोकांना चालत नाई."

हे लोक कोण, ते मला आज विचारायचं आहे.

माझ्या ओळखीच्या दोन मुली नर्स आहेत. एक बौद्ध, चंद्रपूरकडची. दुसरी मुसलमान, यवतमाळची. नर्सिंगला सोबत शिकल्या, आता सोबतच राहायचं म्हणतात. नोकरी दक्षिण नागपुरात, म्हणून मनीषनगर, बेसा, नरेंद्रनगर या भागात खोली पाहत होत्या आणि मीही त्यांच्यासोबत फिरले. फोनवर भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं, "या ना, केव्हाही या" म्हणायचे. आधार कार्डाची झेरॉक्स हातात पडली की खोली कालच कोणाला तरी दिलेली असायची. गेटवरची टू-लेटची पाटी मात्र पुढच्या आठवड्यातही तिथेच.

एका घरमालकीणबाईंनी तर आम्हाला चहा पाजला. ड्यूटी कोणत्या वेळेची, आईबाबा कुठे असतात, सगळं मायेने विचारलं. नावं कळली तसा चेहरा पडला. म्हणाल्या, "पोरी चांगल्या आहेत हो, मला आवडल्या. पण वरच्या मजल्यावरच्या काकांना नाई चालणार." योगायोग असा की ते वरचे काका माझ्या चांगल्या ओळखीचे. मी त्यांना सरळ फोन लावला. ते म्हणाले, "मले कोणी विचारलंच नाई! राहू दे ना पोरींना, माझं काय जाते?" मला हायसं वाटलं. म्हटलं, "मग एवढंच खाली जाऊन त्यांना सांगा." त्यावर ते म्हणाले, "आपण कशाला मधात पडायचं? घर त्यांचं आहे."

त्या बाईंपेक्षा या काकांचा मला जास्त राग आला. त्यांचं नाव पुढे करून दोन मुलींना दारातून परत पाठवलं गेलं, आणि ते नाव मागे घ्यायला त्यांना एक जिना उतरायचा होता. तोही ते उतरले नाहीत. प्रत्येक घरमालकाच्या तोंडचे "लोक" असेच असतात. वर राहणारे, समोर राहणारे, सोसायटीचे सेक्रेटरी. म्हणजे तुम्ही आणि मी. आपल्याला कोणी विचारत नाही, आणि आपणही कधी आपणहून सांगत नाही की आम्हाला चालतं.

कायदा इथे फारसा कामी येत नाही, हेही समजून घेतलं पाहिजे. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं घेऊन सांगितलं आहे की तिथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून कोणाला अडवता येणार नाही. भाड्याची खोली त्या यादीत नाही. फ्लॅट विकत घेणाऱ्याला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ चा आधार आहे; पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. भाडेकरूच्या हाती तेवढंही नाही. "खोली गेली" म्हटलं की विषय संपतो, सिद्ध काय करणार?

संविधानाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनाच एकदा राहायला घर मिळालं नव्हतं. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी गेले. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले, संस्थानात नोकरी मिळालेली, तरी त्यांना पारशी असल्याचं सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. खरी ओळख कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्याच दिवशी जागा सोडायला लावली. हिंदू आणि ख्रिश्चन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही निमित्तं सांगितली. ख्रिश्चन मित्राने बायको आल्यावर विचारतो म्हटलं. तिथेही नाही म्हणायला तिसरंच माणूस पुढे केलं गेलं. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

आणि याच माणसाने १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तेव्हा शहरातले कितीतरी जण पाणी वाटतात, जेवणाचे स्टॉल लावतात. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण दीक्षाभूमीपासून पायी जाण्याच्या अंतरावरच्या वस्त्यांमध्येसुद्धा गजभिये आणि रामटेके आडनावाच्या मुलांना खोलीसाठी वणवण करावी लागते, तेव्हा ते कौतुक माझ्या घशात अडकतं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नागपूर शहरात दर सहा-सात माणसांमागे एक बौद्ध आहे. अनोळखी म्हणावं असं यात कोण आहे?

मग माणसं जातात कुठे? जिथे कोणी पूर्ण नाव विचारणार नाही तिथे. बौद्ध इंदोऱ्याकडे, मुसलमान मोमिनपुऱ्याकडे. वर आपणच म्हणतो, "त्यांना त्यांच्यातच राहायला आवडतं." माझ्या ओळखीतली कितीतरी तरुण मुलं नागपुरात जन्मली, वाढली, पण मोमिनपुऱ्यातल्या एकाही घरात कधी पाणी प्यायली नाहीत. उद्या हीच मुलं एखाद्या कंपनीत अर्ज चाळायला बसतील. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले होते. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश भरली, मुसलमान नावाला एक तृतीयांश. त्या अर्जांमध्ये नावाशिवाय फरक नव्हता.

खाण्याचं कारण सांगणाऱ्यांशी मी थोडं वेगळं बोलेन. स्वयंपाकघर एकच असेल, घरमालक स्वतः शाकाहारी असतील, तर त्यांची अडचण मला समजते. पण स्वतंत्र दार, स्वतंत्र किचन असलेल्या खोलीला "फक्त व्हेज" म्हणणारी कितीतरी घरं रविवारी सहकुटुंब सावजीला मटण खायला जातात. तेव्हा प्रश्न रश्शाचा नसतो. भाडं बुडेल, घर सोडणार नाहीत, अशी भीती असेल तर त्यावर उपाय आहेत. नोंदणीकृत करारनामा करा, पोलीस पडताळणी करा, डिपॉझिट घ्या. आडनावाने यातलं काहीच कळत नाही. एकट्या राहणाऱ्या, घटस्फोट झालेल्या बायकांना जे भोगावं लागतं त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आमच्या सोसायटीच्या येत्या सभेत मी ठराव मांडणार आहे. भाडेकरूची जात, धर्म, खाणं किंवा लग्न झालं आहे की नाही यावर संस्थेची हरकत नाही, हे लेखी करून सूचना फलकावर लावायचं. विरोध होईल, हे मला माहीत आहे. निदान ज्यांना विरोध करायचा आहे त्यांना तो उभं राहून, स्वतःच्या नावाने करावा लागेल.

त्या दोघी सध्या कामठी रोडला एका नातेवाइकांकडे राहतात. नाईट ड्यूटी संपली की अख्खं शहर ओलांडून झोपायला जातात. मनीषनगर, बेसा किंवा नरेंद्रनगरात कोणाकडे खोली असेल, भाडं आठ हजारांपर्यंत, तर मला मेसेज करा. करारनामा आणि पडताळणी दोन्हींना त्या तयार आहेत. दोघींची आडनावं मी पहिल्याच फोनवर सांगेन.