वेटिंगवर नाव आहे, मग दुसरीकडे फी का भरायची?

ताई, नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं असं: मुलीचं नाव बीएस्सीच्या वेटिंगवर असताना दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेऊन ठेवा, हा माझा सल्ला पैसेवाल्यांचा; दोनदा फी भरायला पैसे काय झाडाला लागतात? टीसी तिकडे अडकली म्हणजे? आणि ओळख लावली की काम होतं, हे मी लपवतो.

आधी फी. ऑक्टोबर 2018 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, अधिसूचना काढून परताव्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत. प्रक्रिया शुल्क म्हणून फार तर 5 टक्के, तेही 5 हजारांच्या आत, कापता येतं. उशीर होईल तसे 90, 80, 50 टक्के. ती तारीख उलटून 30 दिवस झाले की काहीच नाही. 2024-25 साठी तर 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत द्या, असं यूजीसीनेच सांगितलं होतं. पण पैसा हाती येईपर्यंत घर चालवायचं असतं, हे तुमचं खरंच आहे. म्हणून हातातली जागा स्वस्त बघा. तुमच्या शहरात शासकीय विज्ञान संस्था असेल, तर आधी ती बघा. इतर कॉलेजांत अनुदानित तुकडीचा अर्ज भरा. त्याच इमारतीतल्या विनाअनुदानित तुकडीची फी कितीतरी जास्त असते.

टीसीचंही त्याच अधिसूचनेत आहे: मूळ कागद तपासून लगेच परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत. खिडकीवरचा बाबू नाही म्हणाला, तर प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या. तरी नाही जमलं, तर तक्रारीसाठी यूजीसीचं ई-समाधान पोर्टल आहे.

आता यादी. एकच हुशार पोरगी चार कॉलेजांच्या यादीत वर असते. नीट किंवा सीईटीच्या फेरीत तिला मेडिकल-इंजिनिअरिंगसारखी जागा मिळाली की चारही ठिकाणचे नंबर सरकतात. म्हणून आठ दिवस काही हलत नाही आणि मग एका दुपारी धडाधड हलतं. सुटलेली जागा ज्या प्रवर्गाची, आधी त्याच प्रवर्गाच्या यादीकडे जाते. तेव्हा एकूण नंबर विचारू नका, मुलीच्या प्रवर्गातला विचारा. बोलावणं आलं की मुदत एखाद-दोन दिवसांची असते. ओबीसीसारख्या प्रवर्गाला लागणारं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र तोवर सेतू केंद्रात अडकलेलं असेल, तर नंबर लागूनही जागा जाते. ते आजच काढायला टाका.

ओळखीबद्दल स्पष्टच सांगतो. यादी नोटीस बोर्डावर लागलेली असते. तुमच्या मुलीला वर ढकलायचं म्हणजे कुणाच्या तरी पोरीला खाली ढकलायचं, आणि उद्या दुसऱ्याची ओळख तुमच्याहून मोठी निघाली तर? शिवाय ‘सेटिंग’ करून देतो म्हणणारे बहुतेक जण आगाऊ पैसे घेतात. यादी आपसूक सरकली तर श्रेय त्यांचं, नाही सरकली तर फोन बंद. ते पैसे मात्र यूजीसीच्या कोणत्याच नियमाने परत मिळत नाहीत.

मुलीचा प्रवर्ग आणि तिकडची शेवटची तारीख इथेच खाली लिहा, रद्द करायला किती दिवस आहेत ते मोजून सांगतो.