मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत राहता म्हणून घर जात नाही

रविवारी सकाळी साडेसातला आत्याचा फोन. "अरे, आपलं घर जाणार म्हणे. उद्या एक जण येतोय, घर विकत घ्यायचं टोकन देतो म्हणाला. घेऊन ठेवू का?"

आत्या ७४ वर्षांची आहे. पुण्यात शुक्रवार पेठेत चार मजली जुन्या सोसायटीत एकटी राहते. मंडईचं मेट्रो स्टेशन तिच्या दारापासून चालत सात मिनिटांवर. तिच्या भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज तिनं मला पाठवला आणि संध्याकाळपर्यंत तोच मला आणखी तीन ग्रुपवर दिसला. मजकूर थोडक्यात असा: शिवाजीनगरचं एसटी स्टँड कायमचं गेलं, तिथे मॉल आणि टॉवर होणार. आता पाळी पेठांची. स्टेशनपासून ५०० मीटरचा भाग 'टीओडी झोन' झालाय, तिथली घरं सरकार ताब्यात घेऊन बिल्डरांना देणार. चार एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम, मिळणार, शनिवारवाड्यासमोर चाळीस मजले उभे राहणार, पाणी आणि वाहतूक कोलमडणार. शेवटची ओळ: "भाव आहे तोवर विका, नंतर सरकार देईल ते घ्यावं लागेल."

मी शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण लोकांचं खरं नुकसान त्या ओळीनं होणार आहे.

टीओडी म्हणजे ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट. स्टेशनपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरात घरं, दुकानं, ऑफिसं एकत्र आणि जरा दाट असावीत, म्हणजे माणूस गाडी न काढता मेट्रोनं जाईल, एवढीच कल्पना. केंद्राच्या २०१७ च्या धोरणात हे अंतर ५०० ते ८०० मीटर धरलंय, पुण्यात ५०० मीटर. हा बांधकामाचा नियम आहे. तुम्हाला पुनर्विकास करायचाच असेल, तर प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून जास्तीत जास्त किती बांधता येईल, हे तो सांगतो. नसेल करायचा तर तुमच्या घराची एक वीटही हलत नाही. झोनमध्ये येणं आणि जमीन संपादित होणं या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

सरकारला जागा सक्तीनं घ्यायची असेल तर २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. त्यात कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघते, ती वर्तमानपत्रात छापून येते, हरकतींसाठी ६० दिवस मिळतात, सुनावणी होते. आत्याकडे असा एकही कागद आलेला नाही. सोसायटीचा पुनर्विकास म्हटला तरी २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते आणि त्यासाठी सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तिच्या सोसायटीत अशी सभाच झालेली नाही.

मी पोचलो तेव्हा आत्यानं कपाटातून निळी प्लास्टिकची पिशवी काढून ठेवली होती. शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, वीस वर्षांच्या मिळकतकराच्या पावत्या, सगळं टेबलावर तारखेप्रमाणे लावलेलं. रात्रभर झोपली नव्हती. हा मेसेज 'जनजागृती' म्हणून पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकानं ते टेबल बघायला हवं होतं. घाबरलेला माणूस विसार पावतीवर, म्हणजे विक्रीच्या आगाऊ रकमेच्या कागदावर, सही करतो, आणि एकदा सही झाली की मागे फिरायला वकील लागतो. मेसेज कुणी लिहिला ते मला ठाऊक नाही. पण तो वाचून पडेल भावात घर विकणाऱ्याचा फायदा होत नाही, घेणाऱ्याचा होतो.

यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. कसबा पेठेत प्रत्यक्ष स्टेशनच्या जागेसाठी काही कुटुंबांना घरं सोडावी लागली, त्यांचं पुनर्वसन झालं. ज्याला वाड्यातून उठावं लागलं त्याचं दुःख खरंच आहे. पण ती जागा स्टेशनसाठी लागली, ५०० मीटरच्या वर्तुळासाठी नाही. आणि ते स्टेशन २९ सप्टेंबर २०२४ ला सुरूही झालं.

आता चार एफएसआय. राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, डिसेंबर २०२० पासून लागू आहे आणि कुणालाही वाचता येते. टीओडीत किती एफएसआय मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि भूखंडाच्या आकारावर ठरतं, असं तिच्यात स्वच्छ लिहिलंय. चार हा आकडा ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावरच्या मोठ्या भूखंडासाठी आहे. मी आत्याच्या शिलाईच्या डब्यातली टेप घेऊन खाली उतरलो. ती पुरेना, म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून पाच मीटरची मागून घेतली. एका बाजूच्या गटारापासून समोरच्या ओट्यापर्यंत रस्ता भरला सव्वापाच मीटर, तोही दोन्हीकडच्या स्कूटर सोडून. पेठांतल्या बहुतेक गल्ल्यांची हीच गत. या मापावर चाळीस मजले कुठून येणार?

शनिवारवाड्यासमोर तर अजिबात नाही. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगीचं बंधन. उलट तिथल्या लोकांची खरी तक्रार ही आहे की पडायला आलेले वाडेसुद्धा नव्यानं बांधता येत नाहीत. मेसेज लिहिणाऱ्यानं त्यांना एकदा विचारायला हवं होतं.

शिवाजीनगर स्टँडबद्दल मात्र माझाही संताप आहे. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या डिसेंबरअखेर ते वाकडेवाडीला हलवलं. तात्पुरतं म्हणून हलवलेलं स्टँड वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. नाशिकहून रात्री अकराला बॅगा घेऊन उतरलेल्या बाईनं तिथे रिक्षावाला सांगेल ते द्यायचं, हे बरोबर नाही. लोकांचा विश्वास उडाला असेल तर तो या दिरंगाईनं उडालाय, हे मान्यच. पण 'स्टँड जाणार, मॉल येणार' हे खोटं आहे. जागा एसटी महामंडळाची आहे. खाली बसस्थानक, वर दुकानं आणि कार्यालयं, शेजारी मेट्रो, असा आराखडा आहे. एसटीतून उतरून छत्रीही न उघडता मेट्रोत बसता येणं, याला मी तरी विरोध करणार नाही. काम कधी सुरू होणार आणि कोणत्या तारखेला संपणार, हे विचारत राहायला हवं, आणि ते मी विचारणार.

पाणी आणि वाहतूक. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठवण २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आहे, ती टॉवरमुळे वाढत नाही, हे बरोबर. पण माणसं मंडईजवळ राहिली नाहीत म्हणून कमी पाणी पितात असं नाही. ती वाघोलीला, उंड्रीला राहतात, टँकरचं पाणी घेतात आणि रोज दोन तास दुचाकीवर काढतात. २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, तिथपर्यंत पाइप आणि रस्ते नेणं जास्त महाग पडतं. स्टेशनजवळ घरं झाली तर जुन्या ड्रेनेजवर भार येईल, ती आधी बदला, अशी मागणी करा. मी बरोबर येतो.

सोमवारी अकरा वाजता तो गृहस्थ आला. मी तिथेच बसलो होतो. कलम ११ ची अधिसूचना दाखवा म्हटलं. "वरून पक्की बातमी आहे," म्हणाला. आत्यानं त्याला चहा दिला, सही दिली नाही. पिशवी परत कपाटात गेली.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र शनिवारीच सही केली होती. पन्नास हजारांचा विसार, पावतीवर विक्रीची पूर्ण रक्कम लिहिलेलीच नाही. उद्या दुपारी त्यांना घेऊन वकिलाकडे जातोय.