तो फोटो रेल्वे स्टेशनचा नाहीये
आपल्या खाडीकाठची पडकी इमारत ब्रिटिशकालीन रेल्वे स्टेशन आहे असा मेसेज फिरतोय, ते खरं नाही, प्लीज पुढे पाठवू नका. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात रेल्वे आलीच नव्हती, कोकण रेल्वे कॉर्पोरेशन झालं १९९० ला आणि अख्खी लाईन सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. फोटोत बाण दाखवून ज्याला प्लॅटफॉर्म म्हटलंय तो जांभ्या चिऱ्याचा धक्का आहे, काल ओहोटीला जाऊन बघून आलो, होडी बांधायची लोखंडी कडी अजून आहे तिथे, गंजून पापुद्रे सुटलेत पण आहे. आगबोट बाहेर नांगर टाकायची आणि माणसं पडावातून, म्हणजे होडीतून, इथे उतरायची, माझी आजी पहिल्यांदा मुंबईला गेली ती इथूनच.