घोडा आहे, स्वार नाही

फोर्टात नोकरी करणाऱ्या माणसाला पगारात न धरलेलं एक काम असतं. गावाहून आलेल्या पाहुण्याला काळा घोडा दाखवणं. गेटवे, म्हातारीचा बूट घरातलं कुणीही दाखवतं, घोडा मात्र माझ्याच गळ्यात, कारण "तुझं ऑफिस तिथंच ना रे?"

परवा कराडचे मामा आले. जेवणाच्या सुट्टीत त्यांना जहांगीर आर्ट गॅलरीजवळ नेलं. मामांनी चष्मा पुसून वर पाहिलं. घोड्याच्या पाठीवर एक कावळा ऐसपैस बसला होता.

"स्वार कुठाय? रजेवर?"

मग माझं नेहमीचं पाठांतर. घोड्यावर इंग्रजांचा युवराज होता, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. पैसे दिले आल्बर्ट ससूननी, पुतळा बसला 1879 साली. स्वातंत्र्यानंतर साहेब नकोसा झाला आणि 1965 मध्ये त्याची रवानगी भायखळ्याला, राणीच्या बागेत.

"साहेब नको होता, तर घोडा कशाला हलवला?"

"मामा, एकसंध पुतळा. साहेबाला एकट्याला उतरवणार कसं?"

बिचारा जनावर असून फुकट तडीपार झाला. पण नाव काही हललं नाही. टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' म्हटलं की तो मुकाट मीटर पाडायचा. कुठला घोडा, असं त्यानंही कधी विचारलं नाही. 1999 पासून तर घोड्याच्या नावानं फेस्टिव्हलही भरायला लागला. घोडा नसताना! नवरदेवाशिवाय वरात काढावी ती मुंबईकरानंच. अखेर 2017 मध्ये हा नवा घोडा आला, तोही मुद्दाम स्वाराविना. मला विचाराल तर हेच बरं. लोकांचा जीव घोड्यावर होता, वरच्यावर नव्हे.

मामांना हे पटलं नाही. "म्हणजे ही नक्कल. अस्सल दाखव."

इथं माझी जीभ घसरली. म्हटलं, बागेत घोडाच काय, घारापुरीचा दगडी हत्तीसुद्धा आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलेफंटा म्हटलं, तोच. 1864 मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले आणि उचलताना त्याचे तुकडे झाले. ते पुढं जोडून बागेत उभे केलेत.

"चल मग!"

ऊन मी म्हणत होतं. ऑफिसात साहेब माझी वाट पाहत होता. हा साहेब मात्र अजून कुणी हलवलेला नाही. तेवढ्यात आठवलं आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

"मामा, आज बुधवार. बाग बंद असते."

"असं होय?" मामांनी शांतपणे मामीला फोन लावला. "अगं, मी उद्या येत नाही. दोन दिवस राहतोय."