फिनाइल, लेकरू आणि ग्रुपवरचा तो मेसेज : खुलासा

आठवडाभर लातुरातल्या आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘घरात फिनाइल वापरलं की लेकराला जन्माची अ‍ॅलर्जी लागते, कॅनडात सिद्ध झालंय.’ असं काहीही सिद्ध झालेलं नाही.

कॅनडातला अभ्यास खरा आहे, २०२० सालचा, दोन हजारांवर मुलांचा. बाळ तीन-चार महिन्यांचं असताना ज्या घरांत साफसफाईची द्रव्यं, विशेषतः वासाची आणि स्प्रेची, जास्त वापरली जात होती, तिथल्या मुलांत तिसऱ्या वर्षी दमा आणि छातीची घरघर अधिक आढळली. पण त्वचेवर टोचून अ‍ॅलर्जी तपासली, तर तिथं ठळक फरक दिसला नाही. म्हणजे मेसेजमधला मुख्य शब्दच चुकला! शिवाय संबंध दिसणं वेगळं, कारण ठरणं वेगळं.

आपल्याकडचा रोजचा धोका निराळाच. बोअरच्या जड पाण्यानं मोरीत पांढरे थर बसतात. ते काढायला आपण अ‍ॅसिड ओततो, वर ब्लीचिंग पावडर भुरभुरतो. दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो. पाडव्याच्या आवराआवरीत मीही हाच शहाणपणा केला. नाक झोंबणारा वास सुटला, धाकटी खोकून खोकून लालबुंद झाली, उचलून अंगणात न्यावी लागली. तेव्हा दोन्ही एकत्र नकोच. खिडकी उघडी, लेकरू बाहेर.

आणि मेसेजच्या शेवटी ‘इनहेलर बंद करा’ लिहिलंय ना, ते सरळ जिवावरचं आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.