‘नुसता स्कॅनर लावला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

गाडीचा चेक लाइट चार दिवसांत पुन्हा लागला आणि यावलहून आलेल्या माणसाला उन्हात ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. पण "नुसता स्कॅनर लावायला तीन तास आणि १,८५० रुपये" असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत, ते फार लागलं. नवीन गिऱ्हाईक आधी हेच वाचतं, म्हणून सविस्तर सांगतो.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेले बिघाडाचे नंबर (कोड) वाचायचं यंत्र, दोन मिनिटांत लागतो. पण तुम्ही गेटवर गाडी उभी करून मोबाइलच्या ब्लूटूथ यंत्राने कोड उडवले होते, आणि हे तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलंत. कोड उडाला की त्याच्यासोबतची नोंदही जाते: बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम किती, स्पीड किती, इंजिन किती तापलेलं. मग आमच्या पोराला ममुराबाद रस्त्याला खड्ड्यांतून गाडी फिरवावी लागली. कोड परत यायलाच पाऊण तास गेला.

आले ते दोन. पी ०१९२, म्हणजे रेल प्रेशर सेन्सरचा (इंजेक्टरला इंधन देणाऱ्या नळीतला दाब मोजणारा) सिग्नल कमी, आणि पी ०६४२, म्हणजे सेन्सरांना जाणारा ५ व्होल्टचा पुरवठाच कमी. पहिला कोड वाचून तुम्हाला दुसरीकडे नवा रेल सेन्सर बसवून दिला होता, तरी दिवा जात नव्हता. जाणार कसा? कोड सर्किट दाखवतो, पार्ट खराब आहे असं सांगत नाही. ती ५ व्होल्टची लाइन बऱ्याचदा दोन-तीन सेन्सरांत वाटलेली असते. एका जागी बॉडीला टेकली की तिच्यावरचे सगळेच सेन्सर चुकीचं सांगतात.

उभ्या गाडीत सेन्सरचा कपलर काढून, चावी ऑन करून मोजलं तर बरोबर ५ व्होल्ट. म्हणजे शॉर्ट कायमचा नाही, हादऱ्याचा. असा शॉर्ट सगळ्यात जास्त वेळ खातो. एक जण मीटरवर डोळा ठेवून, दुसरा वायरिंग वीत-वीत हलवत पुढे. बॅटरीच्या ट्रेखाली हात गेला आणि मीटर ०.३ वर पडला. ट्रे काढला तर क्लिप तुटलेली, वायर ब्रॅकेटच्या धारेवर घासून आतलं तांबं हिरवं पडलेलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. इंजिनच्या उष्णतेत वायरचं आवरण आधीच कडक झालेलं असतं, मग घासलं की लवकर सोलतं. खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर सोल्डर केली, हीट स्लीव्ह चढवली, वरून जाळीचा पाइप आणि नवी क्लिप. हे सगळं तुम्हाला ट्रेपाशी बोलावून दाखवलं होतं, आठवत असेल.

बिलात स्कॅनिंग ३००, शोधण्याची आणि दुरुस्तीची मजुरी १,४००, सामान १५०. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय असं सांगून मोठं बिल करता आलं असतं. आम्ही ते करत नाही भाऊ.

आता पुन्हा लागलेल्या दिव्याचं. कोणता कोड ते तुम्ही लिहिलेलं नाही. पी ०६४२ असेल तर काम आमचं, एक रुपया घेणार नाही. पी ०५६२ असेल तर तो वेगळा बिघाड, पूर्ण गाडीचा व्होल्टेज कमी. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. कमी असतील तर बेल्ट, अल्टरनेटर आणि इंजिनची अर्थ पट्टी बघावी लागते. त्या दिवशी घाईत चार्जिंग तपासायचं राहिलं, ही चूक आमची.

यापुढे खर्चाचा अंदाज काम सुरू करण्याआधीच सांगायचा, असं पोरांना बजावलंय, बसायच्या जागेचंही बघतो. सोमवारी सकाळी दहाच्या आत गाडी आणा, स्कॅनिंगचे पैसे लागणार नाहीत. फक्त येताना कोड उडवू नका.